गणेशमूर्तीचं एअरब्रशकाम: कुठली कड तीक्ष्ण, कुठली विरती

आषाढ लागला की सांगली-मिरजेकडच्या मूर्तींच्या कारखान्यांत कॉम्प्रेसरची घरघर सुरू होते, ती थेट भाद्रपदात थांबते. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारी बारीक गन, आता बहुतेकांकडे आलाय. तरीही एकाच साच्याच्या दोन मूर्ती शेजारी ठेवल्या की एक नजरेत भरते आणि दुसरी नुसती रंगवलेली वाटते. रंग तेच, गन तीच, फरक असतो कडांचा. नवख्या हाताच्या मूर्तीत एक तर सगळ्याच कडा टेप लावून काढलेल्या, सारख्याच टोकदार. नाहीतर सगळंच धूसर, पोटाची सावली सोवळ्यावर आणि सोवळ्याचा पिवळा मांडीवर. म्हणून इथे मास्किंग (रंग नको तो भाग झाकणं) आणि शेडिंग (सावली-उजाळ्याची झाक मारणं) ही दोन वेगळी कामं धरलेली नाहीत. दोन्हींत प्रश्न एकच असतो: ही कड तीक्ष्ण हवी की विरत जाणारी? गन भरण्याआधी मूर्ती पाटावर फिरवत प्रत्येक भागाला हा प्रश्न विचारून घ्या. अंग आणि सोवळं भेटतं तिथे तीक्ष्ण. पोटाची वळी, गाल, सोंडेची वळणं विरती. सोंडेची पोटावर पडणारी सावली मात्र दोन्ही: सोंडेलगत तीक्ष्ण आणि खाली उतरत विरलेली. खरी मेहनत या तिसऱ्या जातीच्या कडांवर आहे.

उदाहरणाला फूट-सव्वाफुटाची घरगुती बैठी मूर्ती धरू. मंडळाच्या मोठ्या मूर्तीला तंत्र तेच, फक्त गनचं अंतर आणि नोझल (रंग बाहेर पडतो ते तोंड) वाढतं.

गन, हवा आणि श्रावणातला दमटपणा

प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, आणि सपाट रंगाला साधी स्प्रे गन चालते. शेडिंगला डबल अ‍ॅक्शन एअरब्रशच लागतो. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग; दोन्ही एकाच बोटावर असल्यामुळे झाक किती हलकी ठेवायची ते हाताला ठरवता येतं. सिंगल अ‍ॅक्शनवर हे जमत नाही, स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. नोझल ०.३ मिमी. ०.२ चं नोझल कागदावरच्या चित्राला छान, पण माती आणि खडूच्या धुळीत ते सारखं चोंदतं. पर्ल, सोनेरी, गेरू असे कणदार रंग मारायचे तर ०.५ चा वेगळा सेट हाताशी ठेवा. वर कप असलेली ग्रॅव्हिटी फीड गन कमी दाबावर चालते, ती बरी.

दाब साधारण असा: अंगाच्या सपाट रंगाला २० ते २५ पीएसआय, शेडिंगला १२ ते १८, बोटांच्या फटीतल्या बारीक रेघेला १० च्या आसपास. काटा वाचायचा तो ट्रिगर दाबून, हवा सोडत असताना. गन बंद असताना तो जास्त दाखवतो आणि आपण उगाच फसतो.

पावसाळ्यात खरा त्रास पाण्याचा. हवा दाबली की तापते, पुढे नळीत थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. ते थेंब गनमधून नेमके मूर्तीच्या गालावर पडतात. बरेच जण फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटूनच बसवतात. तिथे हवा अजून गरम असते, वाफ फिल्टरमधून तशीच निघून जाते आणि पुढे नळीत पाणी सुटतं. त्यापेक्षा टाकीनंतर चार-पाच मीटर नळी जाऊ द्या, मग फिल्टर लावा. जमलं तर गनच्या मुठीखाली दुसरा छोटा फिल्टर. टाकीच्या बुडाचा कॉक रोज उघडायचाच, झड लागलेली असेल तर दुपारीही.

मूर्तीतही ओल नको. शाडू वरून वाळलेला दिसतो आणि आत ओला असतो. अशा मूर्तीवर टेप धरत नाही, आणि धरली तर निघताना रंगाची पापडी घेऊन येते. कृष्णेला पूर आला त्या २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये रंगाचा हंगामच चालू होता. असं पाणी उतरल्यावर भिंतींची ओल आठवडेच्या आठवडे हटत नाही, तेव्हा मूर्ती भिंतीपासून हातभर पुढे घ्या आणि पंख्याखाली ठेवा. बूड हाताला गार लागत असेल तर मूर्ती अजून ओली आहे.

रंग कोणता, किती पातळ

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांचा रोख नैसर्गिक, बिनविषारी रंगांकडे आहे. एअरब्रशलाही पाण्यातले रंग सोयीचे, कारण गन पाण्याने धुता येते आणि बंद खोलीत थिनर उडत नाही. पण प्रत्येक रंगाची खोड वेगळी. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो, म्हणजे त्यावर ओलसर मास्क ठेवला की डाग ठरलेला. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळला की सुटत नाही, मास्किंगला तोच भरवशाचा. मात्र त्यात रंग धरून ठेवणारा प्लास्टिकचा बाइंडर असतो, तेव्हा ज्याला संपूर्ण नैसर्गिक मूर्ती हवी त्याला आधीच सांगून टाका. गेरू शेडिंगला सोन्यासारखा. त्याची ऊब बाटलीतल्या तपकिरीला नाही. तो खलात बारीक घोटून, पाण्यात ढवळून, जाड कण तळाशी बसले की वरचं पाणी दुहेरी मलमलीतून गाळून घ्यायचं आणि त्यात डिंकाचं पाणी घालायचं. डिंकाचा हा रंगही पाण्याने सुटणारा, तेव्हा त्यावर पुढे काही ओलं लावणं टाळा.

हळद तर सांगलीचीच, म्हणून सोवळ्याला ती मारावी असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. दोन गोष्टी ध्यानात घ्या. उजेडात ती लवकर उडते. आणि चुन्याचा हात दिलेल्या पृष्ठभागावर ती लाल होते. हळदीला चुन्याच्या निवळीचं पाणी लावून कुंकू करतात, तोच हा प्रकार. हळद वापरायचीच तर अस्तर खडू-डिंकाचं द्या, चुन्याचं नको.

रंग दुधाइतका पातळ हवा. कपाच्या आतल्या भिंतीला ब्रशने लावला की खाली ओघळावा आणि मागे पातळ पडदा राहावा. शेडिंगचा रंग याहूनही पारदर्शक लागतो, पण तिथे नुसतं पाणी ओतत जाऊ नका. पाणी वाढलं की बाइंडर कमी पडतो, वाळलेली झाक बोटाला भुकटी होऊन लागते आणि पुढच्या टेपबरोबर निघून येते. अ‍ॅक्रिलिकमध्ये मीडियम घाला, डिंकाच्या रंगात डिंकाचं पाणी.

अस्तर आणि टेपची परीक्षा

प्रायमरचे दोन पातळ हात, मधे २२० आणि शेवटी ३२० नंबरचा पॉलिश पेपर. पेपर मारल्यावर उडालेली पांढरी धूळ हीच टेपची वैरीण. ती मऊ ब्रशने झाडा, गनमधली नुसती हवा मारा आणि शेवटी घट्ट पिळलेल्या फडक्याने टिपून घ्या. मग मूर्तीच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही तिथे, टेपचा तुकडा लावून दाबा आणि ओढा. टेपला पांढरं लागून आलं तर प्रायमरच कच्चा आहे. त्या मूर्तीला टेप लावायची नाही, हातात धरायच्या ढालीवर (ती पुढे येते) काम भागवायचं. ही एवढीशी परीक्षा न करता रांगच्या रांग टेप लावणाऱ्यांची मला फार गंमत वाटते.

मास्कचे प्रकार

हार्डवेअरच्या दुकानातली पिवळट खडबडीत मास्किंग टेप भिंती रंगवायला ठीक. तिच्या सुरकुत्यांतून रंग आत झिरपतो, म्हणून ती कागद धरून ठेवण्यापुरती वापरा. कडेला गुळगुळीत, कमी चिकट, २ ते ३ मिमी रुंदीची टेप लागते. ती वळणावर बिनसुरकुतीची बसते. रुंद टेप वळवायची तर ताणून बसवू नका, ताणलेली टेप सावकाश आखडते आणि कड उचलली जाते. कोणतीही टेप मूर्तीला लावण्याआधी पँटवर एकदा चिकटवून काढा, जास्तीचा चिकटपणा तिथेच जातो. टेपच्या मागे झाकायला वर्तमानपत्र नको. शाई उठते आणि ओल पलीकडे जाते. बटर पेपर किंवा जुन्या वह्यांची पानं घ्या.

टेपची कड नखाने नाही, बांबूच्या गुळगुळीत काडीने दाबत जा. आता महत्त्वाची पायरी, जी घाईत हमखास गाळली जाते: टेपवर लगेच नवा रंग मारायचा नाही. अंगावर टेप लावली असेल तर आधी कडेवर अंगाचाच रंग एक पातळ हात मारा. कुठे फट असेल तर त्यात अंगाचाच रंग शिरून ती बुजते आणि तो दिसतही नाही. तो वाळल्यावर सोवळ्याचा रंग. गन टेपच्या बाजूने बाहेर, म्हणजे टेपवरून उघड्या भागाकडे तिरकी धरा. उलट धरली तर हवा रंगाला टेपखाली ढकलते. पहिला हात नुसता धुकट, वाळू द्या, मग दुसरा, तिसरा. एका दमात भरलेला रंग टेपच्या कडेशी साचतो आणि टेप काढल्यावर तिथे बांध उभा राहतो.

टेप काढायची ती रंग हाताला लागेनासा झाला की, पण पूर्ण कडक होण्याआधी. सरळ वर ओढू नका; तिला तिच्याच पाठीवर दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, हळू ओढा. रंगाची कातडी ताणली जातेय असं दिसलं तर थांबा आणि कडेवरून धारदार ब्लेडचं टोक हलकेच फिरवा.

दागिने, जानवं, बाजूबंद अशा उठावाच्या बारीक भागांना टेप बसत नाही. तिथे पातळ मास्क. त्यासाठी महागडी बाटली आणायची गरज नाही, रबरी साचे करायला जे रबराचं दूध वापरतात तेच चालतं. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर तो गेलाच म्हणून समजा. दोन पातळ हात द्या, पारदर्शक होईपर्यंत वाळू द्या, त्यावरून शेडिंग करा आणि त्याच दिवशी खोडरबराने घासत गोळा करून काढा. दिवसेंदिवस ठेवलं तर चिवट होतं. यात अमोनिया आणि पाणी असतं, तेव्हा पोस्टर कलरवर किंवा कच्च्या शाडूवर हे लावू नये.

विरत्या कडेला मास्क पृष्ठभागाला चिकटलेला नकोच. मास्क आणि मूर्तीतलं अंतर हेच कडेचं माप. टेकलेला मास्क तीक्ष्ण कड देतो, दोन-तीन मिमी उचललेला किंचित मऊ, आणि सेंटिमीटरभर उचलला की कड नुसती धुकं. टेप अशी उचलून बसवायची तर खाली गुंडाळी ठेवतात. तेलाच्या क्लेची पेन्सिलएवढी वळी करा, पण ती स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा, कारण क्लेचं तेल रंगात उतरलं की पुढचा हात तिथे धरत नाही.

आणि हातात धरायची ढाल. यासाठी जुन्या एक्स-रे फिल्मइतकं चांगलं काही नाही. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावाशेजारी राहणाऱ्यांच्या घरी गादीखाली एखादी सापडतेच. नावाची पट्टी कापून टाका. फिल्म ओल्याने फुगत नाही, कात्रीने सुरेख कापली जाते आणि पुसली की पुन्हा कोरी. आरपार दिसावं असं वाटत असेल तर जुन्या धाटणीची फिल्म ब्लीचच्या पाण्यात घाला, काळा थर सुटतो. हातमोजे मात्र घाला. बोटभर तुकडे करून एकाची कड सरळ, एकाची किंचित बाकदार, एकाची आत वळलेली असा पाच-सहा ढालींचा संच करून ठेवा. काठावरच्या कोयऱ्या, बुट्ट्या यांच्या स्टेन्सिललाही हीच फिल्म. गोलाव्यावर ती सपाट बसत नाही, म्हणून नक्षी लांब पट्टीत न कापता एकेका बुट्टीची छोटी स्टेन्सिल करा आणि गन अगदी समोरून धरा.

एका साच्याच्या मूर्तींना कागदी कवच

शंभर-दीडशे मूर्तींना कोणी एकेक टेप लावत बसत नाही, आणि बसूही नये. पण एका साच्यातून निघालेल्या मूर्ती सारख्याच असतात, याचा फायदा घेता येतो. एक कवच केलं की ते सगळ्यांना बसतं. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण मेहनत एक-दोन दिवसांची आणि सुटका अख्ख्या हंगामाची.

त्या साच्याची एक मूर्ती घ्या आणि तिला पातळ प्लास्टिक घट्ट लपेटा, खाचांत बोटाने दाबत. मैद्याची खळ करा, तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं तर बुरशी आणि किडे लागत नाहीत. मोरचूद विषारी आहे, हात धुवा आणि ती खळ मुलांपासून लांब ठेवा. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून घ्या. फाडूनच, कारण कापलेल्या पट्टीची कड थरांत उमटते. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा, मग खळीचे चार. प्रत्येक थर आधीच्याला आडवा. पंख्याखाली दोन दिवस, दमट हवेत जास्त. पूर्ण वाळल्यावर अंग आणि सोवळ्याची हद्द पेन्सिलने आखा आणि ब्लेडने कापा. अंग झाकणारा भाग एका बाजूला, सोवळं झाकणारा दुसऱ्या. दोन्ही ठेवा, दोन्ही लागतात.

सोंड आणि हातांमुळे कवच एका तुकड्यात निघत नाही. ओढलं तर फाटतं, मूर्तीचा हातही जातो. म्हणून ते कमरेच्या उभ्या रेषेवर पुढचा आणि मागचा अशा दोन तुकड्यांत करा आणि एका बाजूला चिंधीची बिजागरी चिकटवा. आतून-बाहेरून चपड्याच्या लाखेचे दोन हात द्या, म्हणजे रंगाच्या पाण्याने ते मऊ पडत नाही. हद्दीची कड आतल्या बाजूने घासून पातळ करा. जाड कडेने सावलीसारखी पांढरी रेघ राहते.

शाडूला एक अडचण आहे. माती वाळताना आखडते आणि प्रत्येक मूर्ती अगदी तेवढीच आखडेल असं नाही. शाडूच्या कवचात मिलिमीटर-दोन मिलिमीटर मोकळं ठेवा आणि राहिलेली हद्द ब्रशने जुळवा. कागदी लगद्याच्या किंवा प्लास्टरच्या मूर्तीला कवच जास्त नेमकं बसतं.

क्रम

फिक्याकडून गडदाकडे, आणि झाकायला सोपं ते आधी, अवघड ते नंतर. बैठ्या मूर्तीला मी सुचवतो तो क्रम: सगळ्या मूर्तीला अंगाचा रंग, अंगाचं पूर्ण शेडिंग, मग अंगावर कवच किंवा टेप आणि सोवळ्याचा पिवळा, सोवळ्याचं शेडिंग, मग शेला, लोड आणि पाट. सोनेरी आणि डोळे शेवटी ब्रशने. काही जण सोवळं आधी रंगवून मग अंगाकडे येतात. अंगाची झाक नाजूक, तिच्यावर पिवळ्याचं धुकं बसलं तर काढता येत नाही, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण अंग झाकणं सोवळ्याच्या निऱ्या झाकण्यापेक्षा सोपं, म्हणून मला पहिलाच क्रम पटतो. एक रंग भरला की त्या रंगाची सगळी रांग उरकून घ्या. प्रत्येक मूर्तीला गन धुवायची म्हणजे दिवस धुण्यातच जातो.

अंगाचं शेडिंग

सावली कुठे पडते हे आठवणीतून ठरवू नका. प्रायमर मारलेली मूर्ती अंधाऱ्या खोलीत ठेवा, मोबाइलची टॉर्च डोक्याच्या वर आणि थोडी पुढे धरून फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. मखरातला दिवाही बहुधा वरूनच असतो. हा फोटो गनशेजारी लटकवा. त्यात दिसतील त्या काळ्या जागा: कानामागे, सोंडेखाली, काखेत, छाती आणि पोटाच्या मधे, पोट मांडीला टेकतं तिथे, बोटांच्या फटी.

अंगाचा रंग गव्हाळ असो की गुलाबी, सावलीत काळा घालायचा नाही. काळ्याने अंग मळकट आणि आजारी दिसतं. अंगाच्याच रंगात गेरू किंवा तपकिरी आणि किंचित किरमिजी मिसळा. पहिली झाक इतकी पातळ की पहिल्या हातात काही दिसूच नये. चार-पाच हातांनी ती उगवावी. गन सात-आठ सेंटिमीटरवर, हात सतत हलता. हवा आधी सोडा, हात हलवा, मग रंग ओढा. थांबताना आधी रंग बंद, मग हात. हे उलटं झालं की ओढीच्या सुरुवातीला आणि शेवटी गोल ठिपका पडतो. पहिली झाक रुंद. दुसरी तिच्या आत, निम्म्या रुंदीची आणि किंचित गडद. तिसरी फक्त फटीत, गन दोन-तीन सेंटिमीटरवर आणून.

सोंडेची पोटावरची सावली इथे करायची. बाकदार ढाल सोंडेवर अशी धरा की तिची कड सोंडेच्या कडेशी जुळेल आणि सोंड पूर्ण झाकली जाईल. फवारा निम्मा ढालीवर, निम्मा पोटावर. ढाल काढली की सोंड पोटापासून सुटून पुढे आलेली दिसते. ही एकच सावली नीट जमली तर अर्धी मूर्ती जमली.

उजळ भाग नंतर: कपाळ, गंडस्थळं, सोंडेची पाठ, पोटाचा वरचा उतार, गुडघे. त्यात नुसता पांढरा नको, गडदावर पांढऱ्याचं धुकं निळसर आणि पिठूळ दिसतं. पांढऱ्यात अंगाचा रंग आणि थेंबभर पिवळा घाला. शेवटी अंगाचा मूळ रंग अगदी पातळ करून सगळ्यावरून एक हलका हात फिरवा, म्हणजे सावली आणि उजाळा यांची सांधेजोड दिसत नाही.

सोवळ्याच्या निऱ्या

पिवळ्या सोवळ्यावर काळी सावली मारली की ती हिरवट होते, पिवळ्यात काळा मिसळल्यावर तसंच होतं. पिवळ्याची सावली नारिंगीकडून गेरूकडे न्या आणि अगदी खोल फटीत तपकिरीत थेंबभर जांभळा. लाल शेल्याला गर्द मरून, हिरव्याला निळा.

एक निरी अशी करा. वरच्या निरीची कड खालच्या निरीवर सावली टाकते, कडेलगत गडद आणि पुढे विरत. सरळ ढाल वरच्या निरीवर ठेवून तिची कड निरीच्या कडेशी तंतोतंत जुळवा. दाब १२-१४ पीएसआय, गन तीन-चार सेंटिमीटरवर. फवारा आधी ढालीवर सुरू करा, तिथे तो नितळ येतोय हे बघा आणि मग हात कडेवर आणून कमरेपासून पायघोळापर्यंत एक ओढ. कमरेशी निऱ्या जवळजवळ असतात, तिथे अरुंद आणि गडद; खाली त्या पसरतात, तसा ट्रिगर थोडा सोडत आणि गन थोडी मागे घेत जा. ढाल सरळ वर उचला, सरकवू नका, तिच्या कडेखाली ओला रंग असतो. पुढच्या निरीआधी कड पुसा. दोन ढाली आलटून-पालटून वापरल्या की एक वाळत राहते. सगळ्या निऱ्या सारख्याच गडद करू नका; मधल्या दोन-तीन खोल, कडेच्या हलक्या, नाहीतर सोवळं पत्र्याचं दिसतं.

बिघाड ओळखताना

रंगाचे ठिपके उडत असतील तर आधी हवेतलं पाणी तपासा, मग रंग जाड आहे का ते. दोन्ही ठीक असतील तर सुईच्या टोकावर वाळलेला रंग बसलाय. ओल्या ब्रशने तो पुसा. अ‍ॅक्रिलिकला हे दर काही मिनिटांनी करावंच लागतं. रंगाला चहूकडे पाय फुटतात तेव्हा गन फार जवळ, रंग फार पातळ किंवा दाब जास्त, बहुधा तिन्ही थोडे थोडे. पृष्ठभाग खरखरीत झाला म्हणजे गन लांब आहे आणि रंग वाटेतच वाळतोय. नोझल चोंदलं तर त्यात तार घालू नका, तोंड एकदा वाकडं झालं की फवारा कायमचा तिरका.

टेपखाली रंग गेला तर ओल्यातच पुसायला धावू नका, पसरतो. वाळू द्या, उलट बाजूने टेप लावून मूळ रंगाने झाका. टेपबरोबर पापडी निघाली तर खड्ड्याच्या कडा ४०० च्या पेपरने उतरत्या करा, प्रायमर टेकवा, मग धुकट हातांनी रंग परत चढवा. सोनेरी किनारीने वाकडी हद्द झाकता येते, सगळेच झाकतात. पण किनार जिथे हवी तिथेच ठेवायची असेल तर हद्द सरळच लागते.

पाण्यातला रंग म्हणून निर्धास्त राहू नका, त्याचं धुकंही फुप्फुसात जातं. एन-९५ मास्क लावा आणि मोठ्या खोक्याच्या मागे एक्झॉस्ट पंखा बसवून त्यात फवारा. पाऊस आत येतो म्हणून चहूबाजूंनी ताडपत्री बांधून आत काम करणं धोक्याचं. थिनरचे रंग वापरत असाल तर तिथे उदबत्ती, दिवा, विडी काही नको. साधा एक्झॉस्टही नको, त्याच्या मोटारीच्या ठिणगीने थिनरची वाफ पेटू शकते. आणि तोंडाला रासायनिक वाफा रोखणारा कॅनिस्टरचा मास्क लावा, एन-९५ ला वाफ अडत नाही.

शेवटचे हात

शेडिंग पूर्ण झाल्यावर मॅट कोटचा एक पातळ हात, तोही पाण्यातला. चकचकीत वार्निशने एवढी मेहनत घेतलेली विरती सावली दिव्याच्या चमकेत हरवते. पोस्टर किंवा डिंकाच्या रंगावर हा कोट धुकट हातांनीच द्यायचा, ओला पडला की रंग सुटतो. सोनेरी त्यानंतर. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशने आणि सकाळच्या उजेडात; एअरब्रशने फक्त बुबुळाभोवतीची हलकी झाक आणि वरच्या पापणीची सावली, तीही फिल्मच्या ढालीवरून.

सांगलीत भाद्रपद प्रतिपदेला चोर गणपती (चतुर्थीआधीच गाजावाजा न करता बसणारा गणपती) येतो, तेव्हा चतुर्थी तोंडावर आलेली असते. तोपर्यंत टेपचं काम संपलेलं हवं. त्यानंतर राहिलेल्या मूर्तींना ढाल आणि ब्रश एवढंच वापरा, कारण घाईत न वाळलेल्या रंगावर टेप लावली तर दुरुस्तीला दिवस उरत नाही. मॅट कोट दिलेल्या मूर्तीला निदान एक दिवस प्लास्टिक गुंडाळू नका; गिऱ्हाईक पावसात न्यायला आलं तर मुकुटावरून सैल सुती कापड टाका आणि प्लास्टिक त्याच्या वरून घ्या.